मधनं कापलेलं पुस्तक

“मग त्या बाईनं शेवटाला लगीन कुणासंगं केलं, तेवढं तरी सांग,” मर्व्ह म्हणाला.

“दुकानात जाऊन पुस्तक घे, कळंल तुला,” एव्हिस म्हणाली आणि त्याच्या ताटलीत केकचा तुकडा टाकला.

“त्येच्यासाठी पैसं मोडू व्हय? तुजा लेख फुकटात वाचतोय त्यो कशापायी मग?”

“लगीन व्हतं हितवर सांगितलं की. फुकटात तेवढंच मिळतं.”

“आन् त्यो मेंढ्या कातरणारा गडी? एका हातानं मेंढी कातरतो आन् दुसऱ्या हातानं तिला चिठ्ठी लिवतो म्हनं. कुठल्या शेडात बगितलं तिनं असलं?”

“लिवणारी शहरातली हाय. तिनं मेंढी ताटातच बगितली आसंल.”

बाकांवर बसलेले गडी चहाच्या मगात तोंड घालून हसले. स्मोको, म्हणजे चहाची सुट्टी, चालू होता. सकाळची पाळी संपवून गडी बाहेर आले होते, अंगाला लोकरीचं तेल, बनियनी घामानं चिकटलेल्या. केक, चहा आणि एक-एक विडी, की पुन्हा मशिनी सुरू. तेवढ्या सुट्टीत मर्व्ह रोज एव्हिसशी पुस्तकांवरनं हुज्जत घालायचा. त्यानं शाळा सोडल्यापासनं पुस्तक म्हणून हातात धरलं नव्हतं, पण त्याची मतं मात्र पक्की होती. हे त्याच्यात आणि शहरातल्या टीकाकारांत सारखंच, असं एव्हिस म्हणायची.

एव्हिस पेंगिली म्हणजे मिंडारा भागातली कातरकऱ्यांची आचारीण. टोळी या रानातनं त्या रानात निघाली, की मागनं हिची धुरकट पिकअप. गाडीत पिठाची पोती, चहाचे डबे, बटाटे, भोपळे, आणि या सगळ्यावर पुस्तकांचं एक खोकं. तांबडं फुटायच्या आत उठून मटणाचे चॉप भाजायचे, मग केक, मग दुपारचं रोस्ट, पुन्हा केक, पुन्हा रात्रीचं मटण. मेंढ्या कातरणाऱ्या गड्याला मेंढीच खायला घालायची, हा त्या मुलखाचा रिवाज, आणि त्यावर कुणी कधी विनोदही करत नसे. तिला नवरा होता. रॉन त्याचं नाव. होता तेव्हाही घरात नसल्यासारखाच होता, मग एकदा खरोखरच उत्तरेला ऊस तोडायला गेला आणि तिकडचाच झाला. एव्हिसनं ते फार मनाला लावून घेतलं नाही. एक ताट कमी झालं.

दर गुरुवारी ‘मिंडारा आर्गस’ निघायचा. पहिल्या पानावर पाऊस आणि गव्हाचा भाव, शेवटच्या पानावर फुटबॉल, त्याच्या आतल्या बाजूला कोण मेलं ते. आणि मधे, ट्रॅक्टरच्या जाहिरातीला चिकटून, अर्ध्या पानाचं एव्हिसचं सदर: ‘वाचावं की राहू द्यावं’. गावातली निम्मी माणसं पेपर उलगडून आधी मयतांची नावं बघायची आणि मग एव्हिसचं सदर. मेलेल्यांबद्दल पेपरात बरं छापून यायचं, पुस्तकांबद्दल तशी खात्री नव्हती, म्हणून दुसरं जास्त चवीनं वाचलं जायचं.

शहरातनं येतील ती पुस्तकं पेपराचा संपादक डेस लॅम्पर्ड तिच्या खोक्यात टाकायचा. त्याला निवड वगैरे नव्हती. कादंबरी, मधमाश्या, ऑपेराचा इतिहास, मूळव्याध, चंद्र, रशिया, जे आलं ते. नौदलातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आत्मचरित्रावर एव्हिसनं लिहिलं होतं: ‘लेखक तीनदा बुडता बुडता वाचला. वाचकाला तेवढं नशीब नाही.’ ध्यान कसं करावं या पुस्तकावर: ‘सांगितल्याप्रमाणे मी श्वासाकडे लक्ष देत बसले. कांदा करपला.’ मोठं बक्षीस मिळालेल्या एका कादंबरीवर: ‘नायक दोनशे पानं खिडकीतून समुद्र बघतो. समुद्राला काय वाटलं ते लेखकानं सांगितलेलं नाही.’ आणि मैलाटाक्या बांधायच्या एका पुस्तकाचं मात्र तिनं तोंड भरून कौतुक केलं: ‘यंदा आलेल्यांत एवढं प्रामाणिक पुस्तक दुसरं नाही. जे येतं ते कुठनं येतं आणि कुठे जातं, हे लेखकाला ठाऊक आहे. कादंबरीकारांनी वाचावं.’

तिच्याआधी हे काम शाळेचा हेडमास्तर करायचा. तो असं लिहायचा, की पुस्तक चांगलं का वाईट ते त्याच्या बायकोलाही त्यालाच विचारावं लागायचं. त्याची बदली झाली तेव्हा डेस माणूस शोधायला गावच्या वाचनालयात गेला. वाचनालयातली बाई म्हणाली, मी तुला पुस्तकांच्या डागांवरनं सांगते. बाकी लोकांच्या पुस्तकात विसाव्या पानापर्यंत चहाचे डाग असतात, पुढची पानं कोरी. एव्हिस पेंगिलीनं नेलेलं पुस्तक पार शेवटपर्यंत मटणाच्या रश्श्यानं माखलेलं असतं. डेसला तेवढी पात्रता पुरली.

पहिली काही वर्षं ती खरोखरच पानन् पान वाचायची. मग खोकं भरायला लागलं. शहरातल्या प्रकाशकांना वास लागला, की मिंडाऱ्यात कुणीतरी पुस्तकांवर छापतंय, आणि पुस्तकांचा पूर आला. एव्हिसचे हात दोन, चूल एक. तेव्हा तिला केक आठवला.

केकचं असं, की गावच्या जत्रेत, म्हणजे दरसालच्या शोमध्ये, फळांच्या केकची परीक्षक एव्हिसच. परीक्षा करायची रीत ठरलेली. वरनं केक कसा दिसतो त्याला मोल नाही, कडेचा तुकडा खायचा नाही. सुरी घ्यायची आणि बरोबर मधनं पातळ चकती काढायची. मधे ओलसर राहिलाय का, मनुका तळाला बसल्यात का, साखर जळलीय का, सगळं त्या चकतीत कळतं. कडेला सगळ्यांचेच केक बरे असतात, लबाडी मधे असते. हे तिनं पुस्तकांना लावलं. पहिलं पान सगळेच जपून लिहितात, शेवटी सगळेच रडवतात. मधे उघडायचं, वीस-तीस पानं चाखायची, आणि मत ठोकून द्यायचं. आश्चर्य म्हणजे तिचं एकही मत चुकलं नाही. निदान चुकलं असं कुणी म्हणालं नाही, कारण बाकीच्यांनी तेवढीही पानं वाचलेली नसायची.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मर्व्हलासुद्धा नाही.

त्या साली, शोच्या हंगामात, रॉइस टॅपस्कॉटचं पुस्तक आलं.

रॉइस म्हणजे गावचं वजन. गहू त्याचा, मेंढ्या त्याच्या, कौन्सिलचा अध्यक्ष तो, शो कमिटीचा अध्यक्ष तो, आणि ‘आर्गस’ ज्या मंडळाच्या मालकीचा होता त्याचाही अध्यक्ष तोच. मिंडाऱ्यात दुसरी खुर्ची नव्हती असं नाही, पण बसायची वेळ आली की तिच्यात रॉइस आधीच बसलेला असायचा. त्यानं आपल्या घराण्याचा इतिहास लिहिला, ‘टॅपस्कॉटांची चार पिढ्यांची माती’. चांगलं चारशे पानांचं, हिरव्या कापडाचं, सोनेरी अक्षरांचं. शहरातल्या एका छापखान्यात छापून आणलं. गावच्या हॉलात समारंभ झाला. सॉसेज रोल होते, स्कोन होते, पिंपभर चहा होता. पाद्री बोलला, की रॉइसचे आजोबा जोसाया टॅपस्कॉट यांच्या मरणाचा भाग वाचताना माझे डोळे भरून आले. बँकेचा मॅनेजर बोलला, की आजोबांचं मरण वाचून मी रात्रभर झोपलो नाही. रॉइसची बायको ग्वेंडा काही बोलली नाही, पण आजोबांचं नाव निघालं की रुमाल डोळ्याला लावत होती. गावातल्या प्रत्येक घरात एक प्रत गेली. कुणी विकत घेतली, कुणाला रॉइसनं दिली. घेतली नाही असं एकही घर राहिलं नाही.

डेसनं एव्हिसच्या खोक्यात प्रत टाकली आणि म्हणाला, “जरा हात राखून लिव. मंडळाचा अध्यक्ष हाय.”

एव्हिसनं पुस्तक दोन दिवस पिठाच्या डब्यामागं ठेवलं. रॉइसचं भाषण तिनं हॉलात ऐकलं होतं, आणि तो बोलतो तसाच लिहीत असणार असा तिचा अंदाज होता. रोस्ट भट्टीत घातल्यावर तिनं मन घट्ट केलं, पुस्तक टेबलावर आडवं ठेवलं आणि मधोमध उघडलं.

तिथं डुकरं होती.

तिला वाटलं होतं की पुन्हा कुणीतरी आजोबा बैलगाडीतनं आला असेल, देवाला हात जोडून उजाड रानाकडं बघत असेल. पण नाही. डुकरीण व्यायच्या आधी कशी अस्वस्थ होते, पेंढा तोंडानं कसा गोळा करते, तिच्याजवळ कुणी गर्दी करू नये, पिल्लं अंगाखाली चिरडू नयेत म्हणून काय करावं. साधी, नीट वाक्यं. फुशारकी कुठं नाही, देवाचं नाव नाही, टॅपस्कॉटांचंसुद्धा नाही. एव्हिसनं खुर्ची ओढली. रोस्टला पाणी मारायचं राहिलं. त्या दिवशी गड्यांनी कोरडं मटण खाल्लं आणि कारण कुणाला कळलं नाही.

तिनं ती तीस-बत्तीस पानं दोनदा वाचली. मग टेबलावरचं पीठ हातानं पुसून लिहायला बसली. हात राखायची गरजच उरली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिला रॉइस टॅपस्कॉट बरा वाटला होता.

गुरुवारी छापून आलं:

‘घराण्यांचे इतिहास मला सोसत नाहीत, त्यात सगळे आजोबा एकाच साच्यातले असतात. पण रॉइस टॅपस्कॉटच्या पुस्तकाच्या पोटात सोनं आहे. डुकरांवरचा मजकूर एवढा खरा, एवढा साधा आहे, की लेखकानं आपला सगळा तोरा गोठ्याबाहेर काढून ठेवला असावा. विशेषतः हे वाचा: “नर म्हातारा झाला की आळसावतो. कुंपणाच्या आतलं सगळं आपलंच, असं त्याला वाटू लागतं. पिल्लांच्या तोंडचं खातो आणि कुणी जवळ गेलं की अंगावर धावतो. अशा नराचा मोह धरू नये, वेळीच बाजार दाखवावा.” इतकी वर्षं कौन्सिलच्या खुर्चीवर बसलेल्या माणसानं हे स्वतःच्या हातानं लिहावं, याला छाती लागते. वाचावं.’

दुपारपर्यंत मिंडाऱ्यात टेलिफोनची लाइन मिळेना. गुत्त्यात कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं आणि पुन्हा वाचायला लावलं. खाटकानं कापून दुकानाच्या काचेवर चिकटवलं. कौन्सिलातले जे लोक रॉइसपुढं मान वर करत नव्हते, ते एकमेकांना भेटून विचारायला लागले, काय रे, बाजार कधी हाय? सगळ्यांची एकच समजूत झाली, की एव्हिस पेंगिलीनं डुकरांचं मनानं रचलं आणि रॉइसच्या तोंडावर मारलं. पुस्तकात डुकरं आहेत का, हे उघडून बघावं असं कुणालाच सुचलं नाही. ते पुस्तक उघडायचं असतं, ही कल्पनाच गावात रुजली नव्हती.

आणि टॅपस्कॉटांना डुकरांचं नाव काढलेलं खपत नसे. डुकरं ओढ्यापलीकडचे जर्मन शेतकरी पाळायचे. टॅपस्कॉटांनी चार पिढ्यांत दारात डुक्कर येऊ दिलेलं नाही, हे रॉइस प्रत्येक भाषणात सांगायचा. एव्हिसनंही ते ऐकलं होतं, म्हणूनच तर तिला त्याची छाती मोठी वाटली होती.

शुक्रवारी डेसची गाडी धुरळा उडवत शेडाशी आली. एव्हिस मागच्या पडवीत बटाटे सोलत होती. डेस बसला नाही. टोपी या हातातनं त्या हातात करत त्यानं सांगितलं, की रॉइस सकाळी हपिसात येऊन गेला. पुढच्या अंकात एव्हिसनं लिहायचं, की डुकरांचं मी मनानं रचलं, पुस्तक मी वाचलंच नव्हतं, माफी असावी. नाहीतर सदर बंद. आणि एव्हिसचं नाव पुन्हा ‘आर्गस’मध्ये येईल ते शेवटच्या पानाच्या आतल्या बाजूलाच.

एव्हिसच्या हातातली सुरी थांबली. चूल, पिठाची पोती आणि दुसऱ्यांची खरकटी सोडून या मुलखात तिचं असं काही होतं, तर ते अर्धं पान होतं. पेपरात नाव असलेली आचारीण आणि नुसती आचारीण यात काय फरक असतो, ते तिला ठाऊक होतं. आठवड्याला एकदा अख्खा गाव तिचं ऐकत होता, आणि ते तिला केकच्या बक्षिसापेक्षा गोड लागत होतं.

“म्या कशापायी रचू?” ती म्हणाली. “हायेत की डुकरं पुस्तकात.”

“एव्हिस, टॅपस्कॉटाच्या पुस्तकात डुकरं?”

ती आत गेली, पिठाच्या डब्यामागचं हिरवं पुस्तक काढलं आणि मधे उघडून त्याच्या हातात दिलं. डेस वाचायला लागला. थोडं वाचून त्यानं मागचं पान उलटलं, मग पुढचं, मग पुन्हा मागचं. तो जन्मभर छापखान्याच्या शाईत वाढलेला माणूस, त्याचं बोट मजकुरावर नव्हतं, पानाच्या आकड्यावर होतं. दोनशे आठच्या पुढं तेहतीस होतं. मग बत्तीस पानं झाली, की पुन्हा दोनशे एक्केचाळीस.

“ही बत्तीस पानांची घडीच दुसऱ्या पुस्तकाची हाय,” तो हळू म्हणाला. “डुकरं पाळायचं सरकारी चोपडं आसंल, त्याच छापखान्यात छापाया पडलेलं. बांधणाऱ्यानं हिकडची घडी तिकडं घातली. बग, हितं म्हातारा जोसाया आजारी पडून खाटंवर टेकतोय. मग डुकरं. आन् डुकरं संपली की त्येचं थडगं बांधून झालंय.”

एव्हिसनं पुस्तक घेतलं. हे तिला दिसलं नव्हतं. दिसणार कसं? डुकरांच्या आधीचं पान तिनं उलटलंच नव्हतं, नंतरचंही नाही.

“म्हंजे म्हातारा मेलाच न्हाय ह्या पुस्तकात,” ती म्हणाली.

“न्हाय.”

“पाद्री रडला व्हता.”

“मॅनेजर झोपला नव्हता,” डेस म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा पडला. समारंभाची बातमी त्यानं स्वतः लिहिली होती: ‘एकदा हातात घेतलं की खाली ठेववत नाही.’

रॉइसनं काय-काय लिहिलंय ते सगळ्यांना आधीच माहीत होतं, कारण लिहीत असताना तो भेटेल त्याला पकडून सांगत होता. आजोबांचं मरण अख्ख्या गावानं रॉइसच्या तोंडून ऐकलं होतं. वाचायची गरज कुणाला होती?

एकच प्रत बिघडलेली असेल, या आशेवर दोघं, ज्या शेडात कातरण चालू होतं त्याच्या मालकाच्या बंगल्यावर गेली. मालकीणबाईनं पुस्तक दिवाणखान्यात चिनी बश्यांशेजारी मांडलं होतं. नव्या कापडाचं, उघडताना पाठ कडकडली. तिथंही डुकरं. मालकीणबाई म्हणाली, फार सुंदर पुस्तक आहे, नाही? आजोबांचं मरण तर काळीज हलवतं. एव्हिस म्हणाली, व्हय, आणि पुस्तक परत बश्यांशेजारी ठेवलं.

परतताना डेस म्हणाला, “छापू या का? चूक छापखान्याची. तुजी सुटका.”

“आन् गावात कुणीच उगडलं न्हाई, त्येबी छापणार?”

“त्ये आपसूकच कळंल.”

“मग मलाबी इचारतील. पयल्यापासनं वाचलं आसतं तर म्हातारा खाटंवरनं उठून डुकरांत कसा गेला, ह्ये हिला कळलं कसं न्हाई म्हनून.” तिनं मांडीवरचं पीठ झटकलं. “आन् खरंच हाय त्ये, डेस. म्या मधनं कापते. केकासारखं. लई दिवस झालं.”

डेसनं गाडी थांबवली. तिच्याकडं बघितलं. “सगळीच?”

“मैलाटाक्यांचं सोडून.”

डेसनं गाडी पुन्हा चालू केली. तिला बोल लावण्यासारखा तोही उरला नव्हता.

शनिवारी दुपारी गडी जेवून लवंडले होते तेव्हा रॉइस स्वतःच आला. दारात त्याची मोठी सावली पडली. टोपी काढली नाही. शोच्या तोंडावर हसं होऊ नये म्हणून तो गावातनं लपतछपत आला होता, तरी आवाज खाली आला नव्हता. “मला माफी पायजे, एव्हिस. आन् ती मोठ्या अक्षरात पायजे. माज्या बानं मरताना सांगितलेलं, दारात डुक्कर न्हाय. आन् तू माज्या पुस्तकात डुकरांचा गोठा बांधलास.”

एव्हिसनं भांडण केलं नाही. टेबलाची खुर्ची मागं ओढली, पुस्तक उघडून त्याच्यापुढं ठेवलं आणि चहा ओतला.

रॉइस चष्मा लावून वाचू लागला. बराच वेळ त्याला कळेना. मग कळलं. मान वर न करता तो आणखी वाचत राहिला, आणि त्याच्या मानेवर लाली चढत गेली. एव्हिस भांडी घासत होती. तिला वाटलं होतं की तो ओरडेल. पण रॉइसनं पानं उलटली, थडग्यापाशी गेला, परत खाटेपाशी आला. आजोबांचं मरण त्यानं तीन वर्षं लिहिलं होतं. पहाटे उठून लिहिलं होतं.

“सगळ्या प्रतीत?” त्यानं विचारलं.

“बगितल्या तेवढ्यात तरी. तुज्यात न्हाय?”

रॉइसची स्वतःची प्रत काचेच्या कपाटात होती. आपण लिहिलेलं आपल्याला पाठ असताना परत कोण वाचतं?

“ग्वेंडा म्हनाली, ती दोनदा रडली,” तो म्हणाला.

एव्हिसनं त्याच्यापुढं केकची चकती ठेवली. त्यानं ती खाल्ली, वर आणखी एक मागितली, आणि खाता खाता डुकरांची पानं शेवटापर्यंत वाचली. म्हाताऱ्या नराच्या मजकुरापाशी तो जरा जास्त वेळ थांबला.

“म्या लिवते,” एव्हिस म्हणाली. “म्हंजे खरं त्ये लिवते, की म्या आख्खं वाचलं नव्हतं, मधनंच वाचलं. माफी मागते. पर मग मधी काय हाय त्येबी लिवावं लागंल. खोटी माफी न्हाय लिवणार. सदर बंद करायचं आसंल तर कर.”

रॉइसनं चष्मा पुसला. त्याचं गणित चालू असणार, हे तिला दिसत होतं. लिहिलं तर पाद्री, मॅनेजर, कौन्सिल, ग्वेंडा, सगळेच उघडे पडणार, आणि सगळ्यात वर तो स्वतः. शोच्या दिवशी मंडपात कुणी कुणाच्या तोंडाकडं बघू शकणार नाही.

“मधली बत्तीस तरी वाचलीस तू,” तो शेवटी म्हणाला.

“दोनदा.”

“बाकी कुणी एक पान वाचलं न्हाय.”

एव्हिसनं भांडं उपडं घातलं.

“माफी नगं,” रॉइस म्हणाला. “आन् छापखान्याचंबी काय लिवू नगं. सदर ऱ्हाऊ दे. पर तू माजं पुस्तक वाचायचं. पयल्या पानापासनं, कडंपासनं. शेवटपत्तुर. आन् मग लिवायचं.”

“चारशे पानं?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“चारशे बारा. त्यातनं डुकरं वजा कर, ती माज्या हातची न्हाईत.”

“आन् चांगलं नसलं तर?”

“नसलं तर नसलं म्हन.” तो उठला, टोपी नीट केली. दारात थांबून म्हणाला, “जोसायाची पानं घरात हायेत माज्याकडं, हातानं लिवलेली. सोमवारी आणून देतो. त्यो मेल्याबिगर तुला पुढं जाता यायचं न्हाय.”

गाडी फाटकाबाहेर गेली तरी एव्हिस तशीच उभी होती. सदर टिकलं होतं. तेवढ्यावर आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण त्याच्या खाली चारशे पानं दिसत होती. आणि खरं वाईट याचं, की आता ती लबाडी करू शकत नव्हती. गावात रॉइसचं पुस्तक खरंच वाचणारी आता ती एकटीच होती, आणि पानं चुकवली तर त्याच्यापुढं केव्हाही पकडली जाणार होती. कुठल्या पानावर कोण मेलं, कोणत्या साली टोळ आले, थोरल्या टॅपस्कॉटानं कुठं विहीर मारली, तो विचारणार. तिला सगळं ठाऊक असावं लागणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला टीकाकार असण्याची शिक्षा झाली होती.

पाठीमागं मर्व्ह उठून आला होता. “रॉइस कशापायी आलता?”

“केक खायाला.”

“शोच्या आधी परीक्षकानं अध्यक्षाला केक खाऊ घालायचा म्हंजे लाच झाली की गं.”

“मग तक्रार कर. अर्ज त्येच्याकडंच द्यावा लागंल.”

तिनं खुर्ची ओढली आणि पुस्तक पहिल्या पानावर उघडलं. ‘टॅपस्कॉट या थोर आणि प्राचीन नावाचा उगम शोधू जाता आपल्याला प्रथमतः कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, जिथे फेसाळत्या लाटा...’ तिनं डोळे मिटले, उघडले आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासनं घेतलं. ते दीड पान चाललं. दुसऱ्या वाक्यात लाटा परत आल्या.

शेडात मशिनींची घरघर सुरू झाली. बकेटीत मटणाचे चॉप पडले होते, त्यांना मीठ लावायचं होतं, भोपळा चिरायचा होता, आणि सात माणसांच्या पुडिंगला दूध कमी पडणार होतं. एव्हिसनं तिसऱ्या पानाच्या कोपऱ्याला घडी घातली, पुस्तक उंच फळीवर ठेवलं आणि बाह्या सारून बकेट पुढं ओढली.